परतवारी



मायबापहो, आषाढ शुद्ध एकादशीला पंढरी आणि वद्य एकादशीला नर्सी, ही आपल्या भागाची रीत. पंढरपुराहून माघारी आलेला वारकरी नामदेवरायांच्या जन्मगावी येतो, माथा टेकतो आणि मग म्हणतो, आता वारी पुरी झाली. याला आपण परतवारी म्हणतो. शब्द तोंडातला आहे, रोजचा आहे. पण आज या शब्दापाशीच थोडं थांबायचं आहे. वारी म्हणजे जाणं आणि परतवारी म्हणजे फिरून येणं. जाताना सोबत असते, टाळ असतो, पताका असतात. फिरून येताना माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. आणि ज्याचा पाय मधेच घसरला, त्याला तर फिरून येणं लई जड जातं. त्याच्यासाठी आजची सेवा आहे.

सेवेला घेतलेला अभंग नामदेवरायांचा आहे, पतितपावन नावाचा. पाठकांनी आत्ताच म्हटला, तुमच्याही पाठ आहे. त्याचा भाव पाहा. नामदेवराय देवाच्या दारात उभे आहेत आणि देवाशी चक्क भांडतायत. ते असं म्हणत नाहीत की देवा, मी फार चांगला आहे, मला आत घे. ते देवाचंच नाव पुढे करतात. पडलेल्याला पावन करणारा म्हणून तुझी कीर्ती झाली, ती खरी असेल तर मला घे, नसेल तर तसं सांग! हा भांडण्याचा हक्क कुठून आला? स्वतःच्या पुण्यावर नाही आला. देवाच्या नावावर आला.

सरकारी दवाखान्यावर पाटी असते. ती रोग्यांसाठी असते. आता एखादा ताप आलेला माणूस दारापर्यंत जाऊन म्हणाला, ‘आधी ताप उतरू द्या, बरा झालो की डॉक्टरकडं येतो,’ तर त्याला तुम्ही काय म्हणाल? येडा म्हणाल. पण देवाच्या बाबतीत आपण हेच करतो की नाही, सांगा बरं!

आता मूळ दुखण्याला हात घालतो. प्रत्येक गावात अशी दोन-चार माणसं आहेत. पंढरीला जाऊन गळ्यात माळ घातली. दारू सोडली, एकादशी धरली, काकड्याला पहिला हजर. दोन वर्षं, तीन वर्षं नीट चाललं. घरची बाई म्हणाली, पांडुरंगानं माझा संसार वर काढला. मग एका साली सोयाबीन पाण्यात गेलं, सावकाराचा माणूस दारात आला, आणि एका संध्याकाळी हा पुन्हा जुन्या जागी जाऊन बसला. सकाळी जाग आली तेव्हा पहिला हात गळ्याला गेला. मग काय केलं? माळ स्वतःच काढली, फडक्यात बांधली आणि पेटीच्या तळाला ठेवली. त्या दिवसापासून हरिपाठ बंद. दिंडी गावातून निघाली तर हा भिंतीआड उभा. कुणी विचारलं, ‘काहून येत नाहीस?’ तर म्हणतो, ‘आता कोणत्या तोंडानं येऊ?’

बायाबापड्यांचंही असंच असतं. सासू अंथरुणाला खिळलेली, सून रागाच्या भरात नको ते बोलली, आणि तीनच दिवसांनी सासू गेली. ते बोलणं माघारी घेता आलं नाही. ती माउली तुळशीला पाणी घालते, पण मान वर करत नाही.

मायबापहो, ही लाज फार वाईट असते. चूक माणसाला एकदा पाडते. लाज त्याला उठू देत नाही. काही माणसं त्या लाजेत इतकी आत गेली की पुन्हा घरात दिसलीच नाहीत. अशा घरी दहाव्याला प्रवचन करायला मी बसलोय. समोर लहान लेकरं असतात. त्यांच्याकडे पाहून वाटतं, याला वेळेवर कुणीतरी एवढंच सांगायला पाहिजे होतं, ‘अरे, दार उघडं आहे.’

दार उघडं आहे हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण पुरावा त्याच्या सातशे वर्षं आधीचा आहे. एक टोक या नर्सीला आणि दुसरं औंढ्याला.

नामदेवरायांचा जन्म शके 1192 चा, म्हणजे इसवी सन 1270. वडील दामाशेटी, आई गोणाई, शिंप्याचं घर. लहानपणापासून देवाशी बोलणं. हातचा नैवेद्य देव खातो, आणखी काय पाहिजे? इथेच थोडा घोटाळा झाला. मनात आलं, देव तर माझ्या घरचा, मग मी कुणापुढे कशाला वाकू? संतमंडळी जमली तेव्हा मुक्ताईनं गोरोबाकाकांना सांगितलं, काका, तुमचं थापटणं घ्या आणि यातलं मडकं कोणतं कच्चं ते सांगा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे गप्प बसले. नामदेवरायांना राग आला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं!

नामदेवराय रडत पांडुरंगाकडे गेले. आता देव लाडक्याची बाजू घेईल असं वाटलं. देवानं बाजू घेतली नाही. आणि लक्ष द्या, देवानं त्यांना हाकललंही नाही. देव म्हणाला, औंढ्याला जा, विसोबा खेचरांना गुरू कर.

नामदेवराय औंढ्या नागनाथाला आले. पाहतात तर म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलाय! म्हणाले, अहो, पाय काढा. म्हातारा म्हणाला, बाबा, मला उचलवत नाहीत, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेवराय पाय ठेवतील तिथे पिंड दिसू लागली. अहंकार तिथं उतरला. ही कथा तुम्ही शंभरदा ऐकली.

पण त्यातली एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. हे विसोबा खेचर आधी कोण होते? हेच विसोबा चाटी! ज्ञानोबारायांना, त्या आईबाप नसलेल्या लेकरांना ज्यांनी छळलं, ते हे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारवाड्यात जाऊन ज्यांनी बंदी घातली, ते हे. पुढे ज्ञानोबांच्या तापल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिले आणि त्या माणसाचं काळीज फाटलं. पाय धरले. छळणारा शिष्य झाला.

आता विचार करा. पांडुरंगाला नामदेवांसाठी गुरू निवडायचा होता. ज्याच्या चरित्रावर एक डाग नाही असा माणूस मिळाला नसता का? ढीगभर मिळाले असते. देवानं कोण निवडला? जो पडला होता आणि उठून माघारी आला होता, तो. कारण कच्चं मडकं कसं भाजायचं हे जो स्वतः आगीतून गेला त्यालाच कळतं. पेटीत माळ ठेवणाऱ्या माझ्या बापा, तू ज्या जिल्ह्यात राहतोस तिथला संप्रदाय एका चुकलेल्या माणसाच्या उपदेशानं पक्का झालाय, हे विसरू नको.

आता याच गोष्टीचा दुसरा दृष्टांत देतो, आणि तो आपल्या पोथीतला नाही. ख्रिस्ती मंडळींच्या ग्रंथातला आहे. कुणाच्या कपाळाला आठ्या पडतील, महाराज, कीर्तनात येशू ख्रिस्त कशाला? थांबा. नर्सीत गुरुद्वारा आहे. पंजाबातून शीख भाविक आपल्या गावात येतात. काहून येतात? नामदेवरायांची 61 पदं त्यांनी गुरुग्रंथसाहिबात जपली. तिकडं घुमानला नामदेवरायांचं स्थान सांभाळलं. आपल्या संताला त्यांनी डोक्यावर घेतलं तेव्हा त्यांचा धर्म बुडाला नाही. मग दुसऱ्याच्या घरचं अमृत दोन थेंब ऐकून आपली माळ तुटत नाही.

शिवाय ही वाट आपल्याच मराठी माणसानं चालून दाखवली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातले, 1861 चा जन्म, ब्राह्मण घराणं, मोठे कवी. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या धर्मोपदेशकाशी गाठ पडली, त्यानं बायबल हातात दिलं. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी हा माणूस अडकला तो अडकलाच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. चर्चमध्ये मराठी भजन आणलं, कीर्तन आणलं. 1917 साली त्यांनी जो मेळा काढला त्याचं नाव ठेवलं ‘देवाचा दरबार’. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

आणि हे टिळक काही निर्दोष पुतळा नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलीत. त्यात नवऱ्याचा रागीटपणा, लहरीपणा, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं हसत हसत मांडलंय. लपवलं काही नाही. टिळक ख्रिस्ती झाल्यावर दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. बाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. पण त्यांच्याही मनातली भिंत हळूहळू खचली, संसार पुन्हा जुळला, पुढे त्यांनी स्वतः तो धर्म स्वीकारला. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरं राहिलं होतं, 1919 साली ते गेले, तर लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरं केलं. दोषासकट माणसं होती. त्या दोषांतूनच देवानं काम करून घेतलं.

तर त्या ग्रंथातला, लूकच्या शुभवर्तमानातला हा दृष्टांत. येशूनं सांगितलेला. मी आपल्या बोलीत सांगतो.

एका शेतकऱ्याला दोन पोरं. धाकटा एक दिवस म्हणाला, बाबा, माझी वाटणी आत्ताच द्या. बाप जिता असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात सांगायला नको. बापाच्या काळजाला काय झालं असेल! पण बापानं वाटून दिलं. पोरगं सगळं गोळा करून दूर मुलखात गेलं. उधळलं. खिसा रिकामा झाला, सोबती पांगले, वरून दुष्काळ पडला. शेवटी एकाची डुकरं राखायला राहिला. भूक एवढी की डुकरापुढच्या शेंगा खाव्या वाटल्या, त्याही कुणी देईना.

तिथं तो शुद्धीवर आला. म्हणाला, माझ्या बापाचे गडी पोटभर खातात आणि मी इथं मरतोय. उठतो, जातो आणि सांगतो, बाबा, मी चुकलो, देवाचाही आणि तुमचाही अपराधी आहे. आता मला पोरगा म्हणू नका, सालगडी म्हणून ठेवा.

अशी भाषा तोंडपाठ करत तो निघाला. अजून घर दूर होतं. पण बापानं त्याला लांबूनच पाहिलं. लांबूनच कसं दिसलं? जो रोज वाटेकडे पाहतो त्यालाच लांबचं दिसतं! आणि तो म्हातारा, गावचा प्रतिष्ठित माणूस, पळत सुटला. गळ्यात पडला, मुके घेतले. पोरानं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. मी चुकलो, एवढं त्यानं म्हणून घेतलं. पण सालगड्याची गोष्ट बापानं बोलूच दिली नाही! गड्यांना हाक मारली, चांगला अंगरखा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडा घाला, पंगत मांडा.

गडीमाणसाचं साल पाडव्याला ठरतं, बापहो. लेकराचं साल कुणी ठरवतं का? मजुरी कष्टाच्या मापानं मिळते. कृपा कष्टाच्या मापानं मिळत नाही, म्हणून तर तिला कृपा म्हणायचं. ख्रिस्ती मंडळींची श्रद्धा अशी की माणसाच्या पापाचं देणं येशूनं क्रुसावर स्वतः फेडलं, म्हणून ही क्षमा विकत घ्यावी लागत नाही. आपण नामाचा महिमा गातो. तत्त्वात फरक आहे, तो मी पुसत नाही आणि वादही घालत नाही. पण लेकरू माघारी आलं की बाप हिशेब मागत नाही, पळत येतो, हे दोन्हींकडं एकच आहे. आणि डॉक्टर निरोग्यासाठी नसतो, रोग्यासाठी असतो, हे येशूचंही सांगणं आहे.

विसोबांसारखाही एक त्यांच्याकडे आहे. पौल. ख्रिस्ताच्या माणसांना घराघरातून ओढून तुरुंगात घालणारा. त्यासाठीच दिमिष्क गावाला निघाला आणि वाटेतच त्याला प्रकाश दिसला. छळणारा पुढे त्यांचा सर्वात मोठा प्रचारक झाला. देवाला अशी माणसं आवडतात की काय, कोण जाणे!

पण गोष्ट इथं संपत नाही. थोरला पोरगा शेतात होता. घरी येतो तर वाजतगाजत आहे. कळलं की धाकटा आलाय. हा फुगून बसला. म्हणाला, मी इतकी वर्षं राबलो, तुमचा शब्द मोडला नाही, मला कधी दोस्तांबरोबर एक पंगत दिली नाही. आणि हा उधळ्या आला तर एवढा थाट! बाप त्याच्यासाठीही बाहेर आला. समजूत घातली, बाळा, तू तर सदा माझ्याजवळच आहेस, पण तुझा भाऊ हरवला होता, तो सापडला.

थोरला आत गेला की नाही? ग्रंथात लिहिलेलं नाही. येशूनं गोष्ट तिथंच सोडली. ते उत्तर ऐकणाऱ्यानं द्यायचंय.

म्हणून आता बोलतो ते माळ न तुटलेल्यांना. टाळकरी मंडळी, विणेकरी बुवा, तुमची वारी चुकली नाही, फार थोर भाग्य. पण भिंतीआड उभा असलेला तो माणूस एखाद्या रात्री मंडपाच्या टोकाला येऊन बसला, तर तुम्ही काय करता? एकमेकांना कोपरानं ढोसता ना? ‘आला बघा बेवडा हरिपाठाला!’ त्या एका वाक्यानं तो जो उठून जातो, तो पुन्हा येत नाही. देवानं दार उघडं ठेवलं आणि आपण दारात आडवे झोपलो, तर पाप कुणाचं जास्त?

आणि दुसरं बोलणं पेटीत माळ ठेवलेल्यांना. कृपा फुकट आहे म्हणून खुशाल प्या, असं मी सांगत नाही. गैरसमज घेऊन घरी जाल तर माझी सेवा वाया. तो पोरगा उठला, हे विसरू नका. डुकरांत बसून ‘बाप दयाळू आहे’ असं नुसतं म्हणत राहिला असता तर तिथंच मेला असता. तो निघाला, चालला, ‘मी चुकलो’ हे शब्द तोंडानं बोलला. विसोबांनी पाय धरले. नामदेवराय औंढ्यापर्यंत आले. बाप पळत येतो खरा, पण वाटेवर पाऊल आपलं पडावं लागतं.

आपल्याकडे हळद पिकते. जमिनीतून निघते तेव्हा कशी असते? चिखलानं भरलेली, मुळ्या लोंबणाऱ्या. ती शिजायला घालतात, वाळवतात, मग ढोलात घासतात, तेव्हा कुठं हिंगोलीच्या, वसमतच्या बाजारात पिवळी धमक दिसते. शेतातूनच घासूनपुसून निघालेली हळद कुणी पाहिली का? तसं तुम्ही आहे तसे या. शिजणं, वाळणं, घासणं पुढे आहेच, ते काही चुकणार नाही. पण ते घरात येऊन होईल, बांधावर राहून होणार नाही.

करायचं काय, तेही सांगतो. आज घरी जा. ज्याला दुखावलं त्याच्यापुढे, बायकोपुढे, लेकरापुढे, ‘मी चुकलो’ एवढं म्हणा. कारणं सांगू नका, सोयाबीनचं नाही, सावकाराचं नाही. जी सासू गेली तिची क्षमा मागायची असेल तर गावात दुसरी एखादी म्हातारी अंथरुणाला असेल, तिच्या तोंडात घोटभर पाणी घाला. दारूचं दुखणं अंगात मुरलं असेल तर दवाखान्यात जायला लाजू नका, तोही देवाचाच हात आहे. एकट्यानं झुंजू नका, टाळकऱ्यांतला एक भला माणूस धरा आणि त्याला सांगून ठेवा, मन हललं की तुला हाक मारीन. आणि पेटीतली माळ काढा, धुवा, देवापुढे ठेवा. गुरूंच्या हातानं पुन्हा घाला. पुन्हा पडलात तर पुन्हा उठा. पांडुरंग मोजत बसलेला नाही.

हे पुढे छापून निघेल, तेव्हा एखादी माउली मंडपात नसून घरी एकटी वाचत असेल. तिलाही हेच सांगणं. तुम्ही नापसंत होऊन बाहेर पडलेले नाही. वाट पाहिली जाते आहे.

कच्चं मडकं म्हटल्यावर ज्यांना राग आला होता, त्या नामदेवरायांनी शेवटी देवाजवळ काय मागितलं? महाद्वारातली पायरी होणं मागितलं. शके 1272 ला ते तिथं समाधिस्थ झाले. जो कुणापुढे वाकायला तयार नव्हता, त्याच्यावर आज सगळ्या जगाचे पाय लागतात, आणि आपण ती पायरी वंदून आत जातो. पंढरीला जाताना त्या पायरीपाशी थांबता ना? पुढच्या वेळी थांबलात की मनात आणा, इथं एक कच्चं मडकं पक्कं होऊन पडलंय. मग माझं का होणार नाही?

वारी चुकली असेल तर चुकू द्या. परतवारी चुकवू नका.

बोला पुंडलीक वरदे हरी विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!